शाळेतच "मी निवडणूक लढवणार" ठरवलेली मुलं पुढे कुठे पोहोचतात?

दुसरा_बाक
गेल्या रविवारी ताईकडे गेलो होतो. भाच्याने (वय १७) मला खोलीत बोलावून घेतलं, दार लोटलं आणि एक वही दाखवली. पहिल्या पानावर उभी रेघ मारून दोन रकाने. डावीकडे वय : १८, २१, २५, ३०, ३५. उजवीकडे त्या त्या वयात काय व्हायचं ते. ३५ च्या पुढे जे लिहिलं होतं त्यावर त्याने तळहात ठेवला होता, मी वाचू नये म्हणून. मागच्या पानांवर त्याने ऐकलेल्या भाषणांची टिपणं. कोण किती मिनिटं बोललं, कुठे थांबलं, कुठल्या वाक्याला लोक उठून जायला लागले.

ताई काळजीत आहे. "तुझं ऐकतो तो, जरा समजाव," म्हणाली. मी कॉलेजात असताना तीन वर्षं विद्यार्थी संघटनेत काढली आणि मग बाहेर पडलो, म्हणून हे काम माझ्याकडे. पण खरं सांगतो, त्याला परावृत्त करायची माझी इच्छा नाही. ती वही बघून मला आनंदच झाला.

म्हणून इथे विचारतोय. तुमच्यापैकी कोणाला त्या वयात हे वेड होतं? तुमच्या वर्गात असा कोणी होता का? पुढे त्याचं किंवा तिचं काय झालं? आणि १७ वर्षांच्या मुलाला आज काय सांगावं?

ओंजळ
रुमाल टाकून ठेवते. या विषयावर बोलायचं आहे, रात्री सविस्तर लिहीन.

काजवा
त्या वयात मला वैमानिक व्हायचं होतं, माझ्या भावाला जादूगार. फार मनावर घेऊ नका. बारावीचा अभ्यास वाढला की वही आपोआप कपाटात जाईल.

दुसरा_बाक
@काजवा, वैमानिक व्हायचं म्हटलं की आईवडील चौकशी करतात, प्रवेश परीक्षा कुठली, खर्च किती. राजकारण म्हटलं की सगळे एकदम घाबरतात. हा फरक मला खुपतो.

अर्धविराम
लवकर सुरुवात केलेल्यांची यादी काही छोटी नाही. विल्यम पिट (धाकटा) १७८३ मध्ये ब्रिटनचा पंतप्रधान झाला तेव्हा २४ वर्षांचा होता. बिल क्लिंटन जुलै १९६३ मध्ये शाळकरी मुलांच्या एका शिबिरातून व्हाइट हाउसला गेले आणि केनेडींशी हस्तांदोलन केलं, वय १६. तो फोटो सगळ्यांनी पाहिलेला आहे. विल्यम हेग यांनी १९७७ मध्ये १६ व्या वर्षी हुजूर पक्षाच्या अधिवेशनात भाषण केलं, समोर मार्गारेट थॅचर बसल्या होत्या. वीस वर्षांनी तेच त्या पक्षाचे नेते झाले.

आणि जो बायडन. नोव्हेंबर १९७२ मध्ये सिनेटवर निवडून आले तेव्हा २९ वर्षांचे होते. सिनेटर व्हायला ३० पूर्ण लागतात. निकालानंतर दोनच आठवड्यांत त्यांचा तिसावा वाढदिवस आला. म्हणजे अर्ज भरतानाच हा हिशेब डोक्यात असणार. भाच्याची वही त्याच जातकुळीतली वाटते मला! त्याला ही उदाहरणं द्या.

सांजसावली
@अर्धविराम, माहिती छान, पण ही पोहोचलेल्यांची यादी आहे. त्या शिबिरात त्या दिवशी क्लिंटनशिवाय आणखी कितीतरी मुलं होती. त्यांनीही हात पुढे केले असतील. त्यांच्याबद्दल आपल्याला काहीच ठाऊक नाही, आणि धागाकर्त्याचा प्रश्न नेमका त्यांच्याबद्दल आहे.

पिटचं म्हणाल तर त्याचे वडीलही पंतप्रधान होते. लहानपणापासून घरात भाषणाचीच तालीम. हेग पक्षाचे नेते झाले, पण २००१ ची निवडणूक हरले आणि नेतेपद सोडावं लागलं, वय ४०. पुढे परराष्ट्रमंत्री झाले हे खरं, पण पंतप्रधानपद काही मिळालं नाही. मधल्या काळात त्यांनी पिटचंच चरित्र लिहिलं. १६ व्या वर्षी व्यासपीठावर चढलेल्या माणसाला २४ व्या वर्षीच्या पंतप्रधानाबद्दल लिहावंसं वाटलं, हे मला फार हृद्य वाटतं.

जगभरच्या संसदांमध्ये ३० वर्षांखालचे सदस्य तीन टक्के सुद्धा नाहीत, हे आंतर-संसदीय संघाचे आकडे सांगतात. आणि जगातली निम्मी लोकसंख्या त्या वयाच्या आतली.

पायवाट
बऱ्याच दिवसांनी लॉगिन करतोय, या धाग्यासाठी.

मी तो दुसरा. पोहोचलो नाही तो.

कॉलेजात विद्यार्थी संघटनेचा सचिव होतो. पदवी झाली, मित्र नोकऱ्यांना लागले, मी एका नेत्यांच्या कार्यालयात जाऊ लागलो. सहा वर्षं. सतरंज्या उचलल्या असं लोक म्हणतात ना, त्या तर उचलल्याच, पण माझं खरं काम मतदार याद्यांचं होतं. रात्री नऊनंतर कार्यालय रिकामं झालं की टेबलावर यादी पसरायची, ओळ चुकू नये म्हणून फूटपट्टी ठेवायची आणि एकेक नाव खाली सरकत जायचं. मयत असेल तर लाल रेघ. स्थलांतरित असेल तर निळा गोल. दुबार नाव असेल तर पेन्सिलीने फुली, कारण ते पुन्हा तपासावं लागतं. दिवसा त्या घरी जाऊन खात्री करायची. एका घरात आजोबांच्या नावावर लाल रेघ मारून खात्री करायला गेलो, तर दार आजोबांनीच उघडलं. त्यांनी मला बसवून घेतलं आणि तासभर बोलले. ते शेवटपर्यंत माझे मतदार राहिले असते, पण मी कधी उभाच राहिलो नाही.

साहेब वाईट नव्हते. "पुढच्या वेळी तुझं नक्की" असं ते मनापासूनच म्हणत असावेत. पुढच्या वेळी ज्याला तिकीट मिळालं त्याने ती यादी कधी उघडूनही पाहिली नव्हती, पण खर्च करायची त्याची तयारी होती. मी २८ वर्षांचा होतो. त्याच वर्षी बाबा निवृत्त झाले. नोकरी शोधायला लागलो तेव्हा प्रत्येक मुलाखतीत एकच प्रश्न, "मधली सहा वर्षं काय करत होता?" मी जे करत होतो त्याला नाव नव्हतं.

तिकीट न मिळाल्याचं दुःख वर्षभरात ओसरलं. मी यायचा बंद झालो आणि एकाही माणसाने फोन करून विचारलं नाही, ते अजून बोचतं.

भाच्याला "जाऊ नकोस" असं मी म्हणणार नाही. पण २२ ते ३० या वर्षांत पोट कसं भरणार, हा तिसरा रकाना त्या वहीत हवा.

मृण्मयी७
पायवाट, प्रतिसाद वाचून गलबलून आलं. लिहीत राहा.

काजवा
पायवाट, माझं वरचं विधान मागे घेतो. वही कपाटात जाते म्हणालो होतो, ती कशी जाते ते आज कळलं.

जुनापाना
पायवाट यांनी मुद्द्यावर बोट ठेवलं. माक्स वेबर या जर्मन समाजशास्त्रज्ञाने १९१९ मध्ये म्युनिकला विद्यार्थ्यांपुढे एक व्याख्यान दिलं होतं. त्यात त्याने दोन प्रकार सांगितले : राजकारणासाठी जगणारे आणि राजकारणावर जगणारे. आणि लगेच बजावलं की नुसतं राजकारणासाठी जगायचं तर उत्पन्नाची सोय दुसरीकडून असावी लागते. म्हणजे राजकारण फुकट करायचं ठरवलं की ते श्रीमंतांच्या हातात जातं. श्रोते तरुण होते, महायुद्ध नुकतंच संपलेलं आणि बाहेर क्रांतीचं वारं. त्यांच्या तोंडावर हे बोलायला धैर्य लागलं असणार.

ब्रिटनमधल्या चार्टिस्ट कामगारांना हे त्याच्याही आधी कळलं होतं. १८३८ च्या त्यांच्या सनदेत सहा मागण्या होत्या. त्यातली एक होती खासदारांना वेतन. कामगाराने संसदेत जायचं तर त्याच्या घरची चूल कोण पेटवणार, हा साधा सवाल. ती मागणी पूर्ण व्हायला १९११ उजाडावं लागलं, तेव्हा वर्षाला ४०० पौंड ठरले.

पण हे वेतन निवडून आल्यानंतरचं. निवडून येण्याआधीच्या वर्षांना वेतन देण्याचा विचार कुणी गंभीरपणे केलेला माझ्या वाचनात नाही. आणि मुलं नेमकी तिथेच गळतात.

वाटसरू_जोशी
सगळा दोष पैशावर टाकायला मी तयार नाही. ती महत्त्वाकांक्षा माणसाचं काय करते, त्यावरही बोलू.

आमच्या वर्गात एक होता. हुशार, गोड बोलणारा, सगळ्यांची नावं पाठ. १९ व्या वर्षी तो आमच्यातल्याच एका मित्राच्या वडिलांच्या शोकसभेत बोलायला उभा राहिला. सुंदर बोलला. लोकांचे डोळे पाणावले. आणि शेवटच्या वाक्यानंतर तो क्षणभर थांबला. तो कशासाठी थांबलाय हे आम्हा मित्रांना लगेच कळलं. तो टाळ्यांसाठी थांबला होता. शोकसभेत टाळ्या वाजत नाहीत. त्यालाही ते त्याच क्षणी कळलं असावं, कारण मान खाली घालून तो झपझप बाहेर गेला.

त्यानंतर आम्ही त्याच्यापासून लांब गेलो. आज वाटतं, चूक आमची होती. कोणीतरी बाहेर जाऊन त्याच्या खांद्यावर हात ठेवायला हवा होता. १९ व्या वर्षी सगळेच कुठलं ना कुठलं सोंग वठवत असतात, त्याचं लोकांसमोर उघडं पडलं इतकंच.

सांजसावली
@वाटसरू_जोशी, पुढे काय झालं त्यांचं?

वाटसरू_जोशी
राजकारण सोडलं नाही. दोन निवडणुका हरला, तिसरी जिंकला. मध्यंतरी भेट झाली. बोलणं कमी झालंय, ऐकतो जास्त. मी तो शोकसभेचा प्रसंग काढला नाही. जाताना त्यानेच काढला.

अर्धविराम
थोडं अवांतर, पण वहीतल्या वयांवरून आठवलं. आपल्याकडे मतदानाचं वय २१ वरून १८ वर आलं ते ६१ व्या घटनादुरुस्तीने, १९८९ पासून. पण उभं राहायचं वय तसंच राहिलं : पंचायतीला २१, लोकसभा आणि विधानसभेला २५, राज्यसभेला ३०. राष्ट्रपतीला ३५. (३५ च्या पुढे भाच्याने काय लिहिलंय याचा अंदाज मी बांधलाय!)

ब्रिटनमध्ये २००६ च्या कायद्याने उमेदवारीचं वय २१ वरून १८ केलं. इटलीत सिनेटसाठी अजूनही ४० लागतात. नायजेरियात तरुणांनी मोहीम चालवून २०१८ मध्ये घटना बदलून घेतली, राष्ट्राध्यक्षाचं वय ४० वरून ३५ आणि प्रतिनिधिगृहाचं ३० वरून २५. ऑस्ट्रियात १६ व्या वर्षी मतदान करता येतं, २००७ पासून.

मत देण्याइतकी अक्कल १८ व्या वर्षी येते आणि मत मागण्याइतकी २५ व्या वर्षी, यामागचा तर्क मला कधीच पटलेला नाही.

जुनापाना
@अर्धविराम, मला पटतो. मधली सात वर्षं माणसाने दुसरं काहीतरी करावं, चार ठिकाणी काम करावं, भाडं भरावं, कोणाची तरी आजारपणं काढावीत. मग उभं राहावं.

अर्धविराम
@जुनापाना, ती सात वर्षं पायवाट यांनी कशी काढली ते वरच वाचलं आपण. किमान वयाची अट ज्याच्या घरी पैसा आहे त्याला थांबायला लावते. ज्याच्या घरी नाही त्याला ती बाहेरच काढते.

जुनापाना
याला उत्तर नाही माझ्याकडे. विचार करतो.

ओंजळ
दिलेला शब्द पाळतेय, एक दिवस उशीर झाला.

सगळे "तो" बद्दल बोलताय. मी "ती" आहे.

शाळेत वक्तृत्वाची ढाल सलग चार वर्षं माझ्याकडे होती. कॉलेजात वर्गप्रतिनिधी झाले. संघटनेच्या बैठकींना जायला लागले तेव्हा पहिल्या दिवसापासून माझी कामं ठरलेली : सूत्रसंचालन, पाहुण्यांना पुष्पगुच्छ आणि इतिवृत्त लिहिणं, कारण अक्षर चांगलं. तीन वर्षांची इतिवृत्तं माझ्या हातची आहेत. कोण काय बोललं ते शब्दशः. त्यात माझं स्वतःचं एकही वाक्य नाही, कारण लिहिणारीला बोलायला कोणी सांगितलं नाही आणि मीही हात वर केला नाही.

घरी वडील धाकट्या भावाला म्हणायचे, "तू पुढारी होशील." भावाला राजकारणात काडीचा रस नव्हता. मला कोणी रागावलं नाही, अडवलंही नाही. फक्त कोणाच्या डोक्यातच आलं नाही. पुढे लॉलेस आणि फॉक्स या अमेरिकन राज्यशास्त्रज्ञांचं काम वाचलं. त्यांनी १३ ते २५ वयाच्या चार हजारांहून जास्त मुलामुलींना विचारलं, कधी निवडणूक लढवाल का? जवळपास दहातल्या नऊ जणांनी नकोच म्हटलं. आणि मुलींना "तू उभी राहा" असं घरून सांगितलं जाण्याचं प्रमाण मुलांपेक्षा कमी, असंही त्यांना दिसलं. वाचताना आमचं दिवाणखान्यातलं संभाषणच कोणीतरी टिपलंय असं वाटलं.

मी वकील झाले. पंधरा वर्षं लोकांची कामं केली, बहुतेक घरं आणि जमिनींची. ४१ व्या वर्षी एक अशील बाई म्हणाल्या, "तुम्हीच का उभ्या राहत नाही?" आयुष्यात पहिल्यांदा मला कोणी हे विचारलं. स्थानिक निवडणुकीला उभी राहिले आणि आले निवडून.

उशीर झाला याचं वाईट वाटतं, आणि ते लपवणारही नाही. २५ व्या वर्षीची माझी ताकद वेगळी होती. पण वकिलीमुळे एक गोष्ट झाली. सभागृहात मला गप्प करायला कोणाकडे काही नाही, कारण उद्या हे पद गेलं तर मी परवा कोर्टात उभी असेन. माझ्या बाजूला बसणारे, माझ्याहून वयाने लहान आणि मला कितीतरी हुशार वाटणारे दोघे जण मनाविरुद्ध हात वर करतात. त्यांना दुसरं काहीच करता येत नाही. मतदानाच्या वेळी त्यांचे चेहरे बघवत नाहीत.

म्हणून भाच्याला सांगा, पायवाट म्हणतात तो तिसरा रकाना काढच. तो नसेल तर "नाही" म्हणायची वेळ येईल तेव्हा तोंडातून शब्द फुटणार नाही. आणि भाची असेल तर तिला जाऊन विचारा की तुझी वही कुठे आहे.

मृण्मयी७
ओंजळ, शेवटचं वाक्य वाचून उठले आणि लेकीला विचारलं. "कसली वही?" म्हणाली. मग अर्धा तास बोलत बसलो.

सांजसावली
ओंजळ यांच्या मुद्द्याला धरून, सोडून जाणाऱ्यांबद्दल. स्कॉटलंडच्या मेरी ब्लॅक २०१५ मध्ये २० व्या वर्षी खासदार झाल्या, पदवीचं शेवटचं वर्ष चालू असताना. आधी निवडून आल्या, मग पदवी घेतली, तीही प्रथम वर्गात. २०२४ ला पुन्हा उभ्या राहिल्या नाहीत. संसदेतलं वातावरण विषारी आहे असं स्पष्ट सांगून बाहेर पडल्या, वय २९. न्यूझीलंडच्या जसिंडा आर्डर्न १७ व्या वर्षी पक्षात आल्या, ३७ व्या वर्षी पंतप्रधान झाल्या आणि जानेवारी २०२३ मध्ये आता तेवढी ताकद उरली नाही असं सांगून पद सोडलं. ऑस्ट्रियाचे सेबास्टियन कुर्झ २७ व्या वर्षी परराष्ट्रमंत्री, ३१ व्या वर्षी चॅन्सेलर आणि ३५ व्या वर्षी राजकारणातून बाहेर. त्यांनी कायद्याचं शिक्षण अर्धवट सोडलं होतं.

तिघांची कारणं पूर्ण वेगळी. पण लहानपणी ठरवलेलं पूर्ण झाल्यावरही आयुष्याची चाळीस-पन्नास वर्षं शिल्लक राहतात. वहीत ३५ नंतर रकाना आहे का?

दुसरा_बाक
सगळ्यांचे मनापासून आभार. काल भाच्याला हा धागा वाचायला दिला. फोन घेऊन गॅलरीत गेला आणि पाऊण तास आलाच नाही.

आल्यावर त्याने वही काढली. ३५ वरचा हात या वेळी काढला. अर्धविराम, तुमचा अंदाज चुकला. तिथे लिहिलं होतं, "आईला सांगायचं". म्हणजे ३५ पर्यंत तिच्यापासून लपवून ठेवायचा बेत होता! ताई दारातच उभी होती, तिने ऐकलं. दोघंही थोडा वेळ काही बोलले नाहीत. मग तिने वही हातात घेतली, उभी पट्टी मागवली आणि स्वतःच तिसरी रेघ मारली. त्या रकान्यात काय लिहायचं यावरून दोघांचा आज सकाळपर्यंत वाद चालू आहे. शिक्षक, वकील आणि अनुवादक इथवर गाडी आली आहे.

त्याने पायवाट यांच्यासाठी एक प्रश्न दिलाय, जसाच्या तसा लिहितो : "दादा, तुम्ही सोडल्यावर त्या याद्यांचं काय झालं?"

पायवाट
हे मला आजवर कोणी विचारलं नव्हतं.

दोन खोकी भरली होती. सोडायच्या आदल्या दिवशी मी ती कार्यालयातल्या सगळ्यात नव्या मुलाकडे दिली आणि खुणा समजावून सांगितल्या. लाल, निळी, पेन्सिल. तो तेव्हा १८ चा होता, नुकतंच त्याचं स्वतःचं नाव यादीत आलेलं. ते त्याने मला तिथल्या तिथे काढून दाखवलं. आता तो पस्तिशीला आलाय आणि अजून तेच काम करतो, पण पोटासाठी त्याचं छपाईचं स्वतःचं यंत्र आहे. ते घे असं मीच त्याला सांगितलं होतं.

वर मी लिहिलं की एकाही माणसाने फोन केला नाही. ते दुरुस्त करतो. हा मुलगा करतो. दर निवडणुकीच्या आधी त्याचा फोन येतो. मागच्या वेळी म्हणाला, "दादा, पेन्सिलीची फुली मारलेली ती दोन बहिणींची नावं, त्या एकच आहेत का वेगळ्या?" वेगळ्या आहेत. जुळ्या आहेत त्या, नावात एका काना-मात्रेचा फरक. दोघींनाही मत आहे.